मदत हवी आहे: अँप्लिफायरच्या डाव्या चॅनेलवर -४१ व्होल्ट डीसी, काय काय बदलावं?

घरचा जुना ट्रान्झिस्टर स्टीरिओ अँप्लिफायर मुका झालाय. दिवा लागतो, पण थोड्या वेळाने रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या संरक्षक स्विचचा) 'टक्' यायचा तो येत नाही. स्पीकर काढून रिलेच्या अलीकडे मोजलं: उजवीकडे १४ मिलिव्होल्ट, डावीकडे थेट -४१ व्होल्ट. सप्लाय ±४२ चा आहे. डाव्या चॅनेलचा पॉझिटिव्ह फ्यूजही उडालाय.

फिल्टर कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे केले आणि त्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर (पीएनपी आणि एनपीएन अशा दोन उलट प्रकारांची जोडी) बाहेर काढले. पीएनपी कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शॉर्ट, एनपीएन डायोड मोडवर ठीक. फक्त पीएनपी बदलून भागेल का? आणि ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टर कसे तपासू? मीटरच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात.

'रिले बायपास करून बघ' असा सल्ला मिळालाय, पण एवढा डीसी वूफरची कॉइल जाळेल, त्यामुळे ते करणार नाही. हलक्या आवाजातही गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो असा हा अँप्लिफायर आहे, भंगारात द्यायचा नाही.

प्रतिसाद:
रिलेला हात लावला नाहीत हे उत्तम. जोडीच बदला. पीएनपी शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडेपर्यंतचा सगळा करंट त्या एनपीएनमधूनच गेलाय, तो मीटरवर ठीक दिसला तरी भरवसा नाही. ड्रायव्हर (आउटपुट जोडीला चालवणारे ट्रान्झिस्टर) आणि बेसचे छोटे रेझिस्टरही तपासा.

एमिटर रेझिस्टरचा एक पाय सोडवा. ५ व्होल्टच्या चार्जरला १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणि हा, दोन्ही सिरीजमध्ये लावा. अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, ०.२२ वर साधारण ११० मिलिव्होल्ट दिसायला हवेत.

नवी जोडी बसवल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, ते बघा. त्यांच्यामधली अभ्रकाची इन्सुलेटर चकती चिरलेली असली तर सगळी मेहनत वाया. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा स्पीकर न लावता, मेन्समध्ये ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजला ठेवा (एलईडी चालणार नाही). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा, तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा. आउटपुटवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) मात्र बल्ब काढल्यावर, अँप्लिफायर गरम झाल्यावरच लावा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. ०.२२ वर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर.

धागाकर्ता:
खूप आभार! पीएनपीचा ड्रायव्हरही शॉर्ट निघाला. एमिटर रेझिस्टर दोन्ही शाबूत. बायसचा ट्रिमपॉट (तो करंट ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवताना रीडिंग मध्येच तुटतं, तोही बदलू?

प्रतिसाद:
आधी तोच बदला, मग जोडी बसवा. मधला पाय सुटला की बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात. तुमच्याकडे मूळ बिघाड तोच असण्याची दाट शक्यता आहे. उजव्या चॅनेलचा ट्रिमपॉटही तेवढ्याच वयाचा आहे, सोबतच बदलून टाका.