जेवलास का?
दारू सोडायला मीटिंगला जा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, 'मनावर घेतलं की दारू सुटते, चार बेवड्यांच्यात बसून काय होणार?' मीही हेच म्हणायचो. मनावर तर दर सोमवारी घ्यायचो. बुधवारपर्यंत टिकायचं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची, सुरुवातच मुळी दोन बेवड्यांच्या गप्पांतून झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन धंद्याचं काम फिसकटून हॉटेलात एकटा होता, समोर बार. पिण्याऐवजी त्याने फोनाफोनी करून दुसरा पिणारा शोधला. ते होते सर्जन बॉब स्मिथ. पाव तास बसू म्हणाले, तासन् तास बोलत राहिले. उपदेश नव्हता, बिलने फक्त स्वतःचं सांगितलं.

या संघटनेच्या माझ्या पहिल्या मीटिंगला मी दाराजवळ, चप्पल न काढता बसलो होतो, पळता यावं म्हणून. एक रिक्षावाले काका म्हणाले, "मी बायकोच्या औषधाचे पैसे प्यायलो." मी मुलीच्या फीचे प्यायलो होतो. घरी कुणाला बोललो नव्हतो, तिथे बोललो.

तेच काका पुढे माझे स्पॉन्सर झाले, म्हणजे नव्याला सांभाळून घेणारा जुना सदस्य. रात्री तलफ आली की फोन लावायचो. ते दारूचं नावच काढायचे नाहीत. "जेवलास का?" एवढंच. निम्म्या वेळा जेवलेलो नसायचो!

एक मात्र सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथेही चौकशी करता येईल.