एमजीबीचं इंजिन काढू नका

१९६५ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दुरुस्त करताना तिच्यात आधुनिक जपानी इंजिन बसवावं, असं एकानं सुचवलंय. माझं मत साफ उलट. १७९८ सीसीचं बीडाचं इंजिन, हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचा तो घोगरा आवाज, हे काढलंत तर उरतं काय? नुसता पत्रा. तोही बहुधा गंजलेला!

पैसे खरं तर त्या पत्र्यावरच घाला. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब उंबरठे, सडले की वरून पट्टी मारून रंग फासून भागत नाही. उघड्या टपाची गाडी असेल तर सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा रॉड वेल्ड करून घ्या. नाहीतर बॉडी मधोमध दबते आणि मग दार काही केल्या बसत नाही.

कार्ब्युरेटरना नावं ठेवण्याआधी त्यांच्या डॅशपॉटची, म्हणजे वरच्या तेलाच्या नळकांड्याची, टोपी उघडून तेल बघा. ते आटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. बिचाऱ्या इंजिनाचा दोष नसतो.

आणि हो, १९६५च्या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. हौसेनं आजचा रेडिओ तसाच जोडलात तर जळेल. मी जाळलाय.

ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र खुशाल बसवा, फक्त अशा प्लस अर्थिंगला चालणारं घ्या. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली ते दिसतही नाही. काढलेले पॉइंट डबीत जपून ठेवा.