मदत हवी आहे: 'ऑटम लीव्ह्ज' लॅटिन अंगाने, बेसचं काय करायचं?

आमची चौकडी (टेनर सॅक्स, पियानो, डबल बेस, ड्रम्स, काँगा नाही) 'ऑटम लीव्ह्ज' हे जॅझ गाणं जी मायनरमध्ये सोन मोंटुनोच्या (क्यूबन नाचाचं संगीत) ढंगात बसवतेय. बोसा (ब्राझिलियन ढंग) नको, ते सगळेच करतात.

क्लावे (दोन मापांचा, म्हणजे बारचा, पायाभूत ताल) 3-2 धरलीय: पहिल्या मापात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. चालीची उचल (पहिल्या मापाआधीचे सूर) दुसरी-तिसरी-चौथी मात्रा घेते, म्हणजे दोन ठोक्यांच्या बाजूवर मस्त बसते. 2-3 करून पाहिलं, सॅक्स आणि पियानो एकमेकांना आडवे गेले.

अडलंय बेसवर. तुंबाओत (या ढंगातला बेसचा ठरलेला, पुन्हा पुन्हा येणारा नमुना) चौथ्या मात्रेलाच पुढच्या कॉर्डचा मूळ सूर येतो. एफ सेव्हनच्या मापात सॅक्स 'ए'वर आणि खाली बी फ्लॅट, हे खपतं, उलट छानच लागतं. पण 27 आणि 28 व्या मापात प्रत्येकी दोन कॉर्ड आहेत (जी मायनर-सी सेव्हन, एफ मायनर-बी फ्लॅट सेव्हन). तिथे तुंबाओ कोलमडतो. वॉकिंग (दर मात्रेला एक सूर) केलं की एकदम स्विंग वाटतं. कॉर्डना दुप्पट जागा देत 32 मापांची 64 करून पाहिली, तर सोलो संपता संपेनात.

त्या दोन मापांत कॉर्ड गाळून तुंबाओ चालू ठेवावा, की सगळ्यांनी मिळून ब्रेक घ्यावा (एकदम थांबावं)? आणि ब्रेक घेतला, तर बेसने परत नेमकं कुठल्या मात्रेवर यायचं?