पहिला सपाट टीव्ही, हातात मोजके पैसे: तुम्ही कसा निवडलात?

आमचा मागे पोट असलेला जुना टीव्ही आता चित्र दाखवायलाच दहा मिनिटं घेतो. नवा घ्यायचं ठरलंय, पण बाजूला ठेवलेली रक्कम लहान आहे आणि एकदा आणला की पुढची कितीतरी वर्षं तोच पाहायचाय. कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे ते खोक्यावर वाचता येतं. मला विचारायचंय ते वेगळं: टीव्ही घरी लागल्यावर तुम्हाला असं काय कळलं, जे आधी कळायला हवं होतं? चुकला असाल तर तेही मोकळेपणाने लिहा. माझ्यासारखीला त्याचाच उपयोग जास्त.

*

माझी चूक आकारात झाली. जुना टीव्ही २९ इंची होता, म्हणून ३२ म्हणजे मोठाच, असा सरळ हिशेब केला. पण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. जुना पडदा ४:३ चा (रुंदी चार तर उंची तीन), नवा १६:९ चा. घरी आल्यावर टेप लावली तर जुन्याची उंची थोडी जास्तच निघाली. नव्याची जेमतेम पावणेसोळा इंच. त्यात आई पाहते ते जुने कार्यक्रम ४:३ मधलेच. ते मधोमध दिसायचे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, म्हणजे प्रत्यक्षात २६ इंची टीव्ही झाला. पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, लहान का आणलास?" पट्टे घालवायला चित्र ताणावं तर सगळी माणसं आडवी सुजल्यासारखी दिसत.

भावाच्या वेळी मी शहाणा झालो होतो. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच असतो. तेवढा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर चिकटवला, घरातल्या सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं आणि दोन दिवस तसाच राहू दिला. त्याच कागदामुळे कळलं की ठरवलेली जागा फार वर आहे, मान दुखणार. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य आला पाहिजे. आणि टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर जरूर पाहा. हल्ली दोन पाय अगदी टोकांना असतात, आमच्या टेबलाबाहेर चार बोटं लटकत होते.

*

मी फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा टीव्ही घेतला आणि पहिले काही महिने पस्तावले. दुकानात चित्र काचेसारखं स्वच्छ, घरी आमचे चॅनेल धुरकट, चेहरे मेणाचे. टीव्ही खराब निघाला असं समजून तक्रार केली, माणूस येऊन पाहून गेला, बिघाड काहीच नव्हता.

मग एकदा कागद घेऊन बसले. साध्या प्रतीच्या चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचं. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७४ हजार ठिपके असतात, म्हणजे पाचपट. फोर-केवर ८३ लाखांच्या जवळपास, वीसपट. येणाऱ्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस रंगवायचे असतात, त्यातले एकोणीस अंदाजाने. हा अंदाज चांगला बांधणारी चिप महागड्या टीव्हीत असते. स्वस्तात ठिपके मिळतात, चिप मिळत नाही. जुन्या ट्यूबच्या पडद्यावर तेच चॅनेल बरे दिसायचे, कारण तो पडदा लहान होता आणि त्याच्या मऊपणात दोष लपून जायचे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: तुम्ही रोज जे पाहता तेच दुकानात लावून मागा. नाही म्हणाले तर पेन ड्राइव्हवर तुमचाच एखादा साधा व्हिडिओ न्या. तिथे फिरत असलेली फुलपाखरं आणि धबधबे तुमच्या घरी येणार नाहीत.

*

तीन कनेक्शनं लागणार असतील तर तीन एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीने आणणारी खाच) असलेलाच घ्या. जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींची जागा आहे का तेही विचारा. काहींत ती नसतेच, काहींत वेगळी जोडवायर लागते. आमची ती खोक्यातच राहिली आणि खोकं टाकून दिलं.

*

आमच्या घरी टीव्हीसमोर बसतो तो फक्त मी. आजी खाटेवर, पडद्याच्या पार डावीकडे. नवा टीव्ही लागल्यावर ती दोन-तीन दिवस काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "मला सगळे पांढुरके दिसतात रे." मी तिच्या जागी जाऊन बसलो आणि खरंच, रंग उडालेले, काळे केस राखाडी.

तेव्हा समजलं की एलईडी म्हणून विकतात तोही मुळात एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा. आणि त्या एलसीडीत दोन मुख्य जाती आहेत. व्हीए पॅनेलमध्ये (पॅनेल म्हणजे खुद्द पडदा) काळा रंग गडद येतो, अंधारात सिनेमा पाहायला उत्तम, पण बाजूने पाहिलं की रंग उडतात. आयपीएस बाजूनेही जवळपास तसाच दिसतो, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा करडा वाटतो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त. खोक्यावर ही जात बहुधा लिहिलेली नसते. दुकानात टीव्हीच्या एका कडेला जाऊन उभं राहायचं, दोन पावलांत कळतं. आम्ही आजीची खाट हलवली, पण खिडकीजवळची तिची जागा गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

वर एकीने चेहरे मेणाचे दिसतात असं लिहिलंय. त्यातला काही भाग सेटिंगचाही असू शकतो. नवा टीव्ही पुष्कळदा दुकानासाठीच्या भडक मोडमध्ये असतो. सिनेमा किंवा स्टँडर्ड लावा, शार्पनेस बराच खाली आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. रात्री बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) कमी ठेवला तर वीजही वाचते. सुरुवातीला चित्र मिणमिणतं वाटेल. आठवडाभर थांबा, मग जुना मोड लावला की डोळे दिपतील.

*

स्मार्टसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, असं मी आता सगळ्यांना सांगतो. स्वस्त टीव्हीतली मेमरी तुटपुंजी असते, दोन-तीन वर्षांत ॲप जड होतात आणि रिमोट दाबून वाट पाहत बसावं लागतं. पॅनेल तोवर ठणठणीत असतं. एचडीएमआयला लावायची काडी (नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी छोटी वस्तू) नंतर कधीही बदलता येते, पॅनेल बदलता येत नाही. मी ते पैसे पॅनेलवर घातले.

*

माझा अनुभव कडू आहे. टीव्ही घरपोच मागवला, आणणाऱ्याने दारात ठेवला आणि सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी लावला तर मधोमध एक हिरवा ठिपका कायमचा पेटलेला. विक्रेत्याने सांगितलं, एक-दोन ठिपके नियमात बसतात. कंपन्या किती ठिपके चालवून घेतात ते खरोखर ठरवलेलं असतं, पण ते कागद मी घेण्याआधी वाचले नव्हते. तो ठिपका आता पाचवं वर्ष माझ्याकडे बघतोय.

खोकं माणसासमोर उघडायला लावा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच पडदे पेन ड्राइव्हवर तयार ठेवा आणि एकेक लावून बघा. पाच मिनिटांचं काम. आणि स्वतः गाडीतून आणत असाल तर उभाच आणा, आडवा ठेवला की मधल्या काचेवर ताण येतो.

*

बाबांना ऐकू कमी येतं. पडदा जितका पातळ, तितकी स्पीकरला जागा कमी, आणि तेही खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. संवाद भिंतीवर आदळून यायचे. आवाज वाढवला की संगीत अंगावर आणि बोलणं तरीही पुसट. शेवटी माळ्यावरचा जुना स्टिरिओ हेडफोनच्या भोकातून जोडला. त्या रात्री बाबांनी बातम्या पहिल्यांदा कुणाला काही न विचारता ऐकल्या. पैसे कमी असतील तर एक आकार लहान घ्या, पण आवाजासाठी थोडे राखून ठेवा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीवर कागद लागलाय, सासूबाई रोज त्याच्यासमोर बसून बघतात. एकच शंका उरली: आमची खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर येते. पडदा कसा पारखायचा?

*

दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि समोर उभ्या राहा. चेहरा आरशासारखा दिसला तर तो चकचकीत पडदा, दुपारी त्यात खिडकीच दिसणार. नुसती धूसर सावली दिसली तर तो घ्या. आणि तरीही एक जाड पडदा खिडकीला लावाच, आम्हाला लावावा लागला.