घरातली दारं आपोआप मिटावीत म्हणून काय लावावं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आमचा टू-बीएचके आहे. घरात माणसं पाच आणि मागे दार लोटून घ्यायची सवय एकालाही नाही. बोलून बोलून माझा घसा बसला, म्हणून आता दारांनाच कामाला लावायचं ठरवलंय.

तीन दारं आहेत. नानांच्या (सासरे, वय ७९) खोलीचं फ्लश डोअर, ३२ इंच रुंद. एसी तिथेच आहे. एप्रिल-मेमध्ये एसी चालू आणि दार सताड उघडं, असा कारभार असतो. दुसरं बाथरूमचं, २७ इंची. ते उघडं राहिलं की जेवायला बसल्या बसल्या थेट कमोडचं दर्शन. तिसरं ड्राय बाल्कनीचं हलकं जाळीचं दार, डासांसाठी.

रविवार कारंज्यावरच्या एका दुकानदाराने स्प्रिंगच्या बिजागऱ्या गळ्यात मारल्या. सुतारमामांनी त्या बाथरूमला लावल्या. पहिल्याच दिवशी दार असं धाडकन आपटलं की खालच्या काकू वर बघायला आल्या. लेक चार वर्षांची आहे, तिची बोटं थोडक्यात वाचली. मग स्प्रिंग सैल केली, तर दार दोन इंच आधीच थांबतं आणि लॅच लागत नाही. घट्ट केली की पुन्हा धाडकन.

आता मामा म्हणतात, सगळीकडे ऑफिसातले क्लोजर लावा. नवरा म्हणतो, घर आहे की बँक? नाना वॉकर घेऊन चालतात, तेही लक्षात घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.

अंबडचा_मेंटेनन्सवाला:
ताई, स्प्रिंगच्या बिजागरीला नुसता जोर असतो, ब्रेक नसतो. त्यामुळे तुमचं जे झालं ते सगळ्यांचंच होतं. हायड्रॉलिक क्लोजरमध्ये दार उघडताना स्प्रिंग दाबली जाते आणि मिटताना आतलं तेल बारीक भोकातून सावकाश सरकतं. तोच ब्रेक. बहुतेकांवर दोन स्क्रू असतात. एकाने दार यायचा वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटच्या काही इंचांचा, म्हणजे लॅचवर बसण्याचा. तुमचं दुखणं नेमकं तिथे आहे. स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा. पूर्ण बाहेर काढलात तर तेल भळाभळा येईल आणि क्लोजर भंगारात.

मापाचं म्हणाल तर २ नंबरचा क्लोजर ८५० मिमी रुंद आणि ४० किलोपर्यंतच्या दाराला चालतो. तुमचं ३२ इंच म्हणजे ८१३ मिमी, २ नंबर पुरे. दुकानदार 'मजबूत घ्या' म्हणून ४ नंबर देईल, घेऊ नका. आणि आपल्याकडची थंडी धरा. जानेवारीत तेल दाटतं, दार रेंगाळतं, तेव्हा स्क्रू जरा मोकळा करावा लागतो आणि मार्चमध्ये परत आवळावा लागतो.

पण त्याआधी दाराला ओळंबा लावून बघा. चौकट कललेली असेल तर क्लोजर जन्मभर तिच्याशी भांडत बसेल.

पंचवटीची_माई:
आमच्या जुन्या वाड्यात कप्पीवरून दोरी टाकून तिला वीट बांधलेली होती. दार सोडलं की वीट खाली, दार बंद! दोरी तुटली त्या दिवशी वीट कुणाच्या पायावर पडली ते सांगत नाही.

बाथरूमला उठणाऱ्या बिजागऱ्या बघ. दार उघडताना जरासं वर चढतं आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने घसरत मिटतं. तेल नाही, स्प्रिंग नाही. फक्त दाराच्या वरच्या कडेला बिजागरीच्या बाजूने रंधा मारून उतार काढावा लागतो, नाहीतर ते चौकटीला अडतं. कडक लॅच मात्र ते दाबू शकत नाही, तिथे मॅग्नेट लाव. आणि डावी-उजवी बघून घे गं.

सातपूरची_लेक:
नानांच्या खोलीला क्लोजर नको, हात जोडते. माझ्या आईकडे लावला होता. एका हाताने दार ढकलून धरायचं की दोन्ही हातांनी वॉकर? त्यात दार मागून येऊन वॉकरला टेकायचं. आठवड्यात काढून टाकला. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमांत आतल्या दाराला ५ पौंडांहून जास्त जोर लागू नये असं आहे, म्हणजे सव्वादोन किलो. बॅग तोलायचा लटकता काटा हँडलला अडकवून ओढून बघा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काटा घरात होताच. आमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकच्या क्लोजरवाल्या दाराला तो (त्यांना विचारून) लावला, तर साडेतीन किलो! नानांच्या खोलीचा विषय तिथेच संपला. ओळंबा लावला तेव्हा कळलं की ते दार मुळात कललेलं होतं, लोटलं तरी आपणच उघडत होतं, आणि मी इतकी वर्षं नानांना बोलत होते. मामांनी बिजागरी सरळ केली, मॅग्नेट लावलं. आता ते वॉकरने नुसतं लोटून घेतलं तरी मिटून राहतं.

बाथरूमला माईंच्या बिजागऱ्या लागल्या. पहिल्या खेपेला मामांनी उलट्या हाताच्या आणल्या, दार उघडायला चढायच्या ऐवजी मिटायला चढायला लागलं. बदलून आणल्या.

जाळीच्या दाराला हवेचा पंप (तेलाऐवजी हवेवर चालणारा क्लोजर) घेतलाय. तो आतून लावू की बाहेरून? बाल्कनीत पावसाची झड येते.

अंबडचा_मेंटेनन्सवाला:
आतून. आणि लेकीचा हात पोचणार नाही इतका वर.