चेतकचा नवा ब्लॉक-पिस्टन बोअरमध्येच वाकडा: वापरू, की जुनाच रिबोर करू?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. इंजिन उतरवलंय. पिस्टन वाजत होता, रिंगा संपल्या होत्या, डबलसीट चढावर दम तुटायचा. म्हणून नाना पेठेतून लोकल ब्लॉक-पिस्टन किट (ब्लॉक म्हणजे सिलिंडर) आणला. ओरिजिनल आता सहज मिळत नाही, आणि दुकानदार म्हणाला, "सगळे हाच टाकतात."

घरी येऊन खोका उघडला. ट्रान्स्फर पोर्टात (मिश्रण आत येण्याची सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी) बोट घातलं तर ओतकामाचा पापुद्रा तसाच राहिलेला. पोर्टच्या कडा इतक्या धारदार, की बोअरमधून (पिस्टन फिरतो त्या भोकातून) सुती चिंधी फिरवली तर तिचे दोरे कडांना लटकून राहिले. गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी) पिस्टनच्या एका बाजूने अंगठ्याने आत जाते, दुसऱ्या बाजूला हातोडीच मागते.

शंका आली म्हणून भोसरीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) लावून घेतला. वर एका दिशेने ५७.०२ मिलिमीटर, त्याच उंचीला काटकोनात ५७.०५. खाली ५७.०८. हा न वापरलेला, खोक्यातून काढलेला ब्लॉक आहे!

दुकानदार परत घेत नाही. "बसवा, चालून चालून सेट होईल," म्हणतो. जुना कंपनीचा ब्लॉक माझ्याकडे आहे. एकही फिन तुटलेली नाही, आतापर्यंत एकदाच रिबोर झालाय (म्हणजे बोअर थोडा मोठा करून मोठ्या साइझचा पिस्टन टाकलाय). एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, नखाला जेमतेम लागतात. नव्यावर काम करून घेऊ, की जुन्यावर?

पेठेतला_रायडर:
दादा, मी असाच किट टाकलाय, गाडी चालतेय. पोर्ट कानशीने साफ करा, सुरुवातीला टूटी (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक) ऑइल थोडं जास्त घाला आणि सावकाश चालवा. एवढी मापं घेत बसलात तर गाडी दिवाळीपर्यंत उभीच राहील.

टूलरूमवाले_काका:
सिंहगडरोडकर, नवा ब्लॉक बाजूला ठेवा आणि जुना रिबोर करा. मी पिंपरीला टूलरूममध्ये नोकरी काढली आणि चेतकची इंजिनं अजूनही घरी उघडतो, त्यामुळे याबद्दल मला मनापासून बोलायचंय.

"चालून सेट होईल" हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो. रनिंग-इनमध्ये होनिंगच्या (बोअर दगडाने बारीक घासून मापाला आणण्याच्या) रेषांची टोकं झिजतात, ती काही मायक्रॉनची गोष्ट. तीन शतांश मिलिमीटर लंबगोल बोअर त्याने गोल होत नाही. रिंग जिथे भिंतीला टेकत नाही तिथून जळता गॅस खाली उतरतो, तिथलं ऑइल जाळतो, पिस्टनची ती बाजू तापते आणि एक दिवस कात्रज घाटात गाडी जाम होते. रायडर, तुमची गाडी चालतेय याचा आनंद आहे, पण तुमचा ब्लॉक कदाचित गोल निघाला असेल. लोकल मालाची अडचण हीच आहे, एक खोका बरा निघतो आणि शेजारचा तसा निघत नाही.

धारदार कडांचंही तसंच. टू-स्ट्रोकमध्ये रिंग पोर्टवरून जाताना किंचित बाहेर फुगते. ५००० आरपीएमला ती प्रत्येक पोर्टवरून मिनिटाला दहा हजार वेळा जाते. कड मारलेली (घासून धार काढलेली) नसेल तर रिंग खरवडली जाते, कधी अडकून तुटते, आणि तुकडा सगळ्या बोअरची वाट लावतो.

जुन्या ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन बसलेलं आहे, आता ते फारसं हलणार नाही. नखाला जेमतेम लागणारे ओरखडे पुढच्या साइझला बहुतेक निघून जातील.

पण आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक बोअरिंगला द्या. पिस्टनचं माप डोक्याशी घेऊ नका, खाली स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), गजन पिनला काटकोनात घ्या. पिस्टन मुद्दामच थोडा लंबगोल आणि डोक्याकडे बारीक बनवलेला असतो, कारण डोकं जास्त तापतं आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टनच्या कागदावर दिलाय तोच. बोअरिंगवाला "नेहमीचा ठेवतो" म्हणाला तर कागद त्याच्यासमोर ठेवा.

त्याला एक प्रश्न जरूर विचारा: ब्लॉक कुठल्या फेसवर (सपाट बाजूवर) बसवून बोअर मारणार? उत्तर "खालच्या, बेसच्या" असं आलं पाहिजे. हेडच्या बाजूने धरला तर बोअर बेसला काटकोनात राहीलच याची खात्री नाही, आणि पिस्टन जन्मभर एका अंगाने घासत चालतो. फायनल मापाला चार-पाच शतांश बाकी ठेवून उरलेलं होनिंगने काढायचं. बोअर मारला की पोर्टच्या कडा पुन्हा धारदार होतात, म्हणून कड शेवटी मारायची. बारीक अर्धगोल कानस किंवा छोटा ऑइल स्टोन घ्या, अर्धा मिलिमीटर पुरे. हे काम बोअरिंगवाल्याकडून करून येईल अशी वाट पाहू नका, स्वतः करा.

धुणं मात्र नीट करा. नुसतं पेट्रोल-डिझेल मारून होनिंगची पूड निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. नंतर पांढऱ्या फडक्याने पुसा. करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवा. फडकं कोरं आलं की लगेच ऑइलचा हात फिरवा, कारण पावसाळ्यात बिडावर गंज चढायला तासभरही लागत नाही.

सिंहगडरोडकर:
काका, मनापासून आभार. म्हणजे किटमधला पिस्टनही बादच ना? आणि बेसचा फेस सपाट आहे का, हे घरी कसं पाहू?

टूलरूमवाले_काका:
पिन दोन्ही बाजूंनी एकसारखी जात नसेल तर भोकं एका रेषेत नाहीत. हातोडीने घातली तर पिस्टन वाकडा होईल. तो वापरूच नका. नवा घेताना दुकानातच पिन घालून पाहा. सर्कलिपही (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) खाचेत बसवून बोटाने फिरवा, ती खाचेत पूर्ण बसून फिरली पाहिजे. खाच उथळ असेल तर चालू गाडीत सर्कलिप सुटते आणि नव्या बोअरला उभी नांगरते.

फेससाठी जाड काच घ्या. ब्लॉकच्या फेसवर मार्कर फिरवा, काचेवर बारीक वेट पेपर (पॉलिश पेपर) ठेवून ब्लॉक हलक्या हाताने घासा. शाई सगळीकडून सारखी गेली तर ठीक. कुठे तशीच राहिली तर तिथे खड्डा आहे. बेस जास्त घासू नका, ब्लॉक खाली येतो आणि पोर्टचं टायमिंग बदलतं. बेसमधून हवा ओढली गेली तर मिश्रण पातळ होतं, मग बोअर कितीही चांगला असो, पिस्टन तापणारच.

आकुर्डीवाला:
एक भर. रिंग नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा. ५७च्या बोअरला मी ०.२० ते ०.३५ मिलिमीटर धरतो. कमी असेल तर तापल्यावर तोंडं एकमेकांवर येतात. हे वरच्या आणि खालच्या, दोन्ही रिंगांना करा, एकाच पाकिटात वेगवेगळ्या निघालेल्या मी पाहिल्यात. आणि फॅनचं काऊलिंग (हवा ब्लॉककडे वळवणारं कव्हर) लावल्याशिवाय "फक्त आवाज ऐकायला" म्हणून स्टार्ट करू नका. चेतकचं इंजिन उजव्या बाजूच्या पत्र्याच्या कव्हरखाली असतं, वाऱ्याचा झोत त्याला लागत नाही, थंडावा त्या फॅनचाच.

सिंहगडरोडकर:
आज चिंचवडला एका बोअरिंगवाल्याकडे जाऊन आलो. बेसवरच बसवतो म्हणाला, आणि त्याने स्वतःहून विचारलं, "पिस्टन आणलाय का?" दुसऱ्या दुकानातून घेतलेला पिस्टन, कागदासकट, जुन्या ब्लॉकबरोबर तिथेच ठेवून आलोय. पिन दोन्हीकडून अंगठ्याने जाते. कडा मारायला ऑइल स्टोन घेतलाय. ब्लॉक परत आला की आधी भोसरीला बोअर गेज लावेन आणि मापं इथे टाकेन.