रविवारची दुपार: विसाव्यासाठी की सेवेसाठी?

धागाकर्ता:
नाशिकमधील आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना संपली की रुग्णांच्या भेटी, तरुण संघाची सभा आणि वर्गणीचा हिशेब यांतच संध्याकाळ होते. कामे चांगलीच आहेत. पण ती करणारी माणसे तीच ती आणि थकलेली असतात. बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड उरली नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांती येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. प्रार्थनेत स्वस्थ न बसणाऱ्याची दया लवकरच चिडचिडी होते आणि तिची झळ प्रथम घरच्यांना लागते. म्हणून मंडळीने ही दुपार मोकळी सोडावी.

गंगापूर रोडचा वाचक:
मी असहमत आहे. त्याच अध्यायात होडीतून उतरताच येशूला लोकसमुदाय दिसला, त्याला कळवळा आला आणि विसावा बाजूला राहिला. शिवाय बायबलमधील निर्गम या पुस्तकात (२३:१२) सातव्या दिवसाच्या विश्रांतीचे कारण सांगताना बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांचा उल्लेख येतो. म्हणजे विश्रांती ही दुसऱ्याला द्यायचीही गोष्ट आहे. आपण चर्चमध्ये शांत बसतो तेव्हा आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी कामावरच असतात. एकोणिसाव्या शतकात आपल्या नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला. त्या शहरात राहून आपण केवळ स्वतःच्या शांतीचा विचार करणे मला पटत नाही.

धागाकर्ता:
मावशींना रविवारी भरपगारी सुट्टी मिळावी, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने लोकांना निरोप दिला आणि तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. लोकांच्या गरजा तेव्हा संपल्या नव्हत्या, तरीही तो गेला. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. थकलेल्या सेवकाशी मंडळीने असेच वागावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाशिकरोडची वाचक:
आपण दोघेही स्वयंपाकघराबाहेर उभे राहून बोलत आहात. सभा रद्द झाली आणि मावशींनाही सुट्टी मिळाली, तर रविवारचे मटण आणि त्यानंतरची भांडी कोणाच्या वाट्याला येतील? बहीण मरीया येशूपाशी बसली आणि सारे काम एकटीवर पडले, ही बायबलमधील मार्थेची तक्रार आपण दरवर्षी ऐकतो आणि घरी येऊन ताटावर बसतो. शनिवारी रात्री घरातील सर्वांनी, पुरुषांनीसुद्धा, मिळून रविवारचा स्वयंपाक करून ठेवावा. त्यानंतर दुपार कोणाची, यावर मी आनंदाने चर्चा करीन.